दोनाचा एकाहत्तरावा घात आणि एक सामायिक वही

१९१२ साली ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकात मद्रासच्या व्ही. रामेशम यांचं एक छोटं टिपण छापून आलं. दोनाचा एकाहत्तरावा घात घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा. जी संख्या येते तिचे अवयव कोणते, एवढाच त्याचा विषय. ती संख्या अशी: २३६११८३२४१४३४८२२६०६८४७. बावीस आकडे. लेफ्टनंट कर्नल ॲलन कनिंगहॅम यांना १९०९ साली तिचा एक अवयव सापडला होता, २२८४७९. त्याने भागलं की १०३३४३५५६३६३३७७९३ ही सतरा आकडी संख्या उरते. पुढे सगळे अडले होते. रामेशम यांनी सांगितलं की ही उरलेली संख्या म्हणजे ४८५४४१२१ आणि २१२८८५८३३ यांचा गुणाकार. दोन्ही मूळ संख्या. हिशेब तिथे संपला.

हा गुणाकार तपासायला कागद-पेन्सिल आणि दहा मिनिटं पुरतात. तो शोधायला किती दिवस गेले असतील, याचा विचार केला की मन थबकतं. अवयव पाडण्याच्या सगळ्या इतिहासाचा कणा या एका तफावतीत आहे. उत्तर मिळवणं महाग आणि पडताळणं अगदी स्वस्त. म्हणून एकदा मिळालेलं उत्तर हरवू द्यायचं नसतं. ज्याने ते शोधलं तो कुठल्या देशाचा, त्याचं शिक्षण किती, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. गुणाकार करून बघावा आणि वहीत लिहून ठेवावा. प्रश्न असतो तो वही कोण ठेवणार हा. ती ठेवणाऱ्यांची हकिगत मला शोध लावणाऱ्यांच्या हकिगतीइतकीच मोलाची वाटते आणि तिच्यात मद्रास, पुणे, रुडकी आणि देवळाली ही गावं येतात.

रामेशम यांच्यापुढचं काम नेमकं केवढं होतं ते आधी पाहू. सतरा आकडी संख्येला दोनापासून सुरुवात करून एकेका संख्येने भागत बसलं तर एका आयुष्यात काम होत नाही. पण इथे एक सवलत असते. दोनाच्या एकाहत्तराव्या घातातून एक वजा केलेल्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १४२ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असावा लागतो. हा फर्माच्या प्रमेयाचा परिणाम. शिवाय त्याला आठाने भागलं तर बाकी एक किंवा सातच उरते. ४८५४४१२१ पर्यंत पोहोचायचं तर १४२ च्या ३,४१,८६० व्या पटीपर्यंत चालत जावं लागतं. आठाच्या अटीने त्यातले निम्मे उमेदवार बाद होतात, तीन, पाच, सातने भाग जाणारे आणखी गळतात. तरीही हजारो भागाकार उरतातच. त्यावर आणखी युक्त्या होत्या. त्यांतली एक आपल्याकडे फार जुनी आहे. नारायण पंडिताने १३५६ साली ‘गणितकौमुदी’ लिहिली. तिच्यात संख्येचे अवयव शोधण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याने दिलेली रीत अशी की दिलेली संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत बसवायची. उदाहरणार्थ १००१ घ्या. ३२ चा वर्ग १०२४, त्यातून १००१ गेले, २३ उरले. हा वर्ग नव्हे. पुढे ३३, ३४, असं करत ४५ पर्यंत जा. २०२५ मधून १००१ गेले, १०२४ उरले, म्हणजे ३२ चा वर्ग. मग अवयव ४५ उणे ३२ आणि ४५ अधिक ३२, म्हणजेच १३ आणि ७७. फ्रान्समध्ये फर्माला हीच रीत सुचली ती त्यानंतर सुमारे तीन शतकांनी आणि आज जगभरच्या पुस्तकांत ती त्याच्याच नावाने आहे. बँकेचे व्यवहार सुरक्षित आहेत की नाहीत हे ज्या रीतींनी तपासलं जातं, त्या आधुनिक रीतींच्या मुळाशीही दोन वर्गांच्या वजाबाकीचीच कल्पना आहे.

आता कनिंगहॅम. त्यांचा जन्म १८४२ सालचा, दिल्लीतला. वडील सर अलेक्झांडर कनिंगहॅम म्हणजे भारतीय पुरातत्त्व खात्याचे संस्थापक. सांची, सारनाथ, तक्षशिला या नावांबरोबर इतिहासाच्या वाचकाला ते ठाऊक असतात. मुलगा बंगाल इंजिनियर्समध्ये गेला आणि १८७१ ते १८८१ अशी दहा वर्षं रुडकीच्या थॉमसन कॉलेजात गणित शिकवत राहिला. गंगेच्या कालव्यातून पाणी किती वेगाने वाहतं याची मोजमापं त्याने तिथे केली, त्यावर मोठा अहवाल लिहिला. मोजलेला प्रत्येक आकडा लिहून ठेवायचा, ही इंजिनियरची शिस्त त्याच्या अंगात तिथेच मुरली असावी असं मला वाटतं. १८९१ साली तो सैन्यातून निवृत्त झाला आणि उरलेली सदतीस वर्षं त्याने संख्यांचे अवयव पाडण्यात घालवली.

त्याने निवडलेल्या संख्या एका साच्यातल्या होत्या. दोन, तीन, पाच, सहा, सात, दहा, अकरा, बारा यांचे घात घ्यायचे आणि त्यांत एक मिळवायचा किंवा वजा करायचा. हाच साचा का, याची कारणं चांगली होती. दोनाच्या घातांतून मर्सेनच्या आणि फर्माच्या संख्या निघतात आणि मूळ संख्यांच्या शोधात त्या शतकानुशतकं मध्यभागी आहेत. दहाच्या घातांतून आवर्ती दशांश उलगडतात. ११११११११११ अशा नुसत्या एकांच्या संख्यांचे अवयव माहीत असले की कुठल्या अपूर्णांकात किती आकड्यांची पुनरावृत्ती होते ते लगेच सांगता येतं. सात एकांची संख्या, १११११११, घ्या. तिचे अवयव २३९ आणि ४६४९. म्हणून एकाला २३९ ने भागलं की ०.००४१८४१००४१८४१… असे सात आकडे पुन्हा पुन्हा येतात आणि ४६४९ ने भागलं तरी सातच. शाळेत ज्याने एक छेद सात करून १४२८५७ चं चक्र पाहिलं आहे, त्याला यातली गोडी सांगावी लागत नाही.

या साच्याचा आणखी एक गुण वहीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यातल्या संख्या एकमेकींच्या नात्यातल्या असतात. दोनाच्या १४२ व्या घातातून एक वजा केला तर येणाऱ्या संख्येत रामेशम यांच्या संख्येचे तिन्ही अवयव जसेच्या तसे असतात. २१३ व्या, २८४ व्या, ३५५ व्या घातातही तेच. एका माणसाने एक गाठ सोडवली की पुढच्या असंख्य गाठी थोड्या थोड्या सैल होतात. पण त्यासाठी पुढच्या माणसाला पहिली गाठ सुटल्याचं कळलं पाहिजे.

न कळण्याचे प्रसंग युरोपात कमी घडले नव्हते. व्हिएन्नाच्या अँटोन फेल्केलने १७७६ साली चार लाख आठ हजारांपर्यंतच्या संख्यांचे अवयव सरकारी खर्चाने छापून घेतले. घेणारे फारच थोडे निघाले. मग उरलेल्या प्रतींचा कागद तुर्कांविरुद्धच्या लढाईत बंदुकीची काडतुसं वळायला वापरला गेला. प्रागच्या याकोब कुलिकने आयुष्याची वीसेक वर्षं खर्चून दहा कोटींपर्यंतची कोष्टकं हाताने लिहिली. आठ खंडांचं ते हस्तलिखित व्हिएन्नाच्या अकादमीकडे गेलं आणि त्यातला दुसरा खंड हरवला. हँबर्गच्या झकारियास डासेला गाउसने प्रोत्साहन दिलं. सातव्या दशलक्षापासून त्याने काम सुरू केलं आणि नववा दशलक्ष पुरा व्हायच्या आत, १८६१ साली, तो वारला. अखेर डी. एन. लेमर या अमेरिकन प्राध्यापकाने १९०९ साली पहिल्या एक कोटी संख्यांचं कोष्टक छापलं आणि जुन्या सगळ्यांच्या चुका त्यात दुरुस्त केल्या. तोवर शंभर-सव्वाशे वर्षं तेच भागाकार पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दिव्यांखाली होत राहिले होते.

मद्रासमध्ये बसून रामेशम यांना कनिंगहॅमचा २२८४७९ कळत होता, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर साधी राहत नाही. त्या काळी हिंदुस्थानात गणिताचं एखादं परदेशी नियतकालिक पाहायला मिळणं फार कठीण होतं. विद्यापीठं परीक्षा घेत, संशोधन जवळजवळ नव्हतंच. ही अडचण हेरली ती व्ही. रामस्वामी अय्यर या मद्रास इलाख्यातल्या डेप्युटी कलेक्टरांनी. १९०७ साली त्यांनी थोड्या गणितप्रेमींना पत्रं लिहून एक मंडळ काढलं. आधी नाव ‘ॲनालिटिक क्लब’, १९१० पासून ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’. मंडळाचं पहिलं उद्दिष्ट अगदी व्यवहारी होतं. सगळ्यांनी वर्गणी काढून परदेशी नियतकालिकं आणि पुस्तकं मागवायची आणि सभासदांमध्ये फिरवायची. ग्रंथालय ठेवलं पुण्याला, फर्ग्युसन कॉलेजात आणि त्याची जबाबदारी घेतली प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांनी. दापोलीजवळच्या मुर्डीत वाढलेले, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले परांजपे. आपल्याकडे त्यांची आठवण शिक्षणातली, बुद्धिवादातली आणि समाजकारणातली म्हणून निघते. पण मद्रासच्या वकील-कारकुनांपासून लाहोरच्या प्राध्यापकांपर्यंत कुणालाही नियतकालिक हवं असलं तर ते पुण्याच्या कपाटातून टपालाने निघे, हेही त्यांच्या खात्यावर जमा केलं पाहिजे. १९५० साली हा संग्रह मद्रास विद्यापीठाकडे गेला, तोवर तो पुण्यातच होता.

या टपालाने काय साधलं ते १९१२ या एका वर्षावरून दिसतं. रामेशम यांचा अवयव १९१२ चा. त्याच वर्षी १ मार्चला श्रीनिवास रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकून म्हणून लागले. त्यांचा पहिला शोधलेख आदल्या वर्षी याच सोसायटीच्या नियतकालिकात आला होता आणि पोर्ट ट्रस्टमधले त्यांचे वरिष्ठ एस. नारायण अय्यर याच सोसायटीचं काम पाहत. रामानुजनही अवयवांकडेच वळले, पण उलट्या दिशेने. ज्यांना आपल्यापेक्षा लहान असलेल्या कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक आहेत, अशा संख्यांचा त्यांनी अभ्यास केला. १२, २४, ३६, ४८, ६० या त्यातल्या सुरुवातीच्या. आपलं डझन, आपली साठ मिनिटं, साठ पळं यातूनच आलेली. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या दीर्घ लेखात त्यांनी अशा संख्यांची ६७४६३२८३८८८०० पर्यंतची यादी हाताने करून दिली आहे. त्या यादीत एक संख्या राहून गेली, २९३३१८६२५६००. रामानुजनसारख्याकडूनही एक निसटते आणि नंतर कुणीतरी ती बघून यादीत घालतं. यात रामानुजनना काही उणेपणा येत नाही. यादी सर्वांसमोर असण्याचा अर्थच तो.

कनिंगहॅमने आपली वही १९२५ साली छापली, हर्बर्ट वुडॉल या सहकाऱ्याबरोबर. लहानसं पुस्तक, तीस वर्षांचं काम. विखुरलेल्या नियतकालिकांत जे जे सापडलं ते त्यांनी एकत्र केलं, स्वतःचं त्यात घातलं. अवयव सापडलेल्या संख्या त्यात आहेत तशाच न सापडलेल्याही आहेत. पुढे येणाऱ्याने कुठे हात घालायचा हे त्यामुळे पानावरच दिसू लागलं. तीन वर्षांनी कनिंगहॅम गेले. त्यांच्या सोबत्यांत ए. ई. वेस्टर्न होते, पेशाने सॉलिसिटर. या गोतावळ्यात प्राध्यापकांइतकीच इतर पेशांची माणसं असायची, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडचा असा माणूस म्हणजे द. रा. कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्याच नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. एकांच्या संख्यांचे वर्ग, १२१, १२३२१, १२३४३२१, यांच्या कुळातल्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ म्हटलं; मुंबईपासून तीस मैलांवरच्या जी.आय.पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली त्या स्टेशनाचं ते नाव. लेख छापला तो १९३८ साली, रामस्वामी अय्यरांच्या सोसायटीच्याच ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये. आणि ६१७४ हा त्यांचा प्रसिद्ध स्थिरांक त्यांनी जाहीर केला तो १९४९ साली, मद्रासच्या गणित परिषदेत. सगळे एकच नसलेले चार आकडे मोठ्याकडून लहानाकडे आणि लहानाकडून मोठ्याकडे मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी हीच संख्या येते, हा शोध. पुण्याचं कपाट आणि मद्रासचा मंच, दोन्हींचा लाभ एका शाळामास्तराला झाला. पण बाकीचं पुष्कळसं काम त्यांना पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत ठेवावं लागलं. इथल्या विद्यापीठांतल्या बऱ्याच जणांनी ते खेळ म्हणून बाजूला सारलं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा कापरेकर जगाला कळले. आज ज्यांना त्यांच्या जुन्या पुस्तिका पाहायच्या असतात त्यांना त्या सहज मिळत नाहीत. कापरेकरांचं नाव घेणाऱ्या आपल्या समाजाने त्यांच्या वह्यांची नीट व्यवस्था लावली नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

त्याच गार्डनर यांनी दोन वर्षांनी, १९७७ साली, त्याच सदरात वाचकांपुढे एक १२९ आकडी संख्या ठेवली. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गुप्तलेखनाची नवी रीत काढली होती. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा आणि त्याचे अवयव स्वतःजवळ ठेवायचे. कुलूप सर्वांसमोर, किल्ली एकाच्या हातात. अवयव पाडणं तेव्हापासून हौसेचं राहिलं नाही. व्यापार, बँका, सरकारं या सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे लागलं. ती १२९ आकडी संख्या १९९४ साली फुटली. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक ई-मेलवरून जोडून आठ महिने काम केलं होतं. अनोळखी माणसांनी वाटून घेतलेलं एवढं मोठं गणित त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. २०२० साली २५० आकडी संख्येपर्यंत मजल गेली. मधल्या काळात रीती बदलल्या. मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी १९७० साली फर्माची सातवी संख्या फोडली, पोमरन्सने वर्गांची चाळणी आणली, लेन्स्ट्राने १९८५ च्या सुमारास वक्रांचा वापर केला, मग संख्याक्षेत्रांची चाळणी आली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कनिंगहॅमची वही मात्र बंद पडली नाही. डी. एन. लेमर यांचे चिरंजीव डिक लेमर यांनी ती कित्येक वर्षं पुढे चालवली. १९८३ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने तिची नवी आवृत्ती काढली. ब्रिलहार्ट, लेमर, सेल्फ्रिज, टकरमन आणि वॅगस्टाफ हे पाच लेखक. १९८८ मध्ये दुसरी, २००२ मध्ये तिसरी. पर्ड्यू विद्यापीठातले सॅम वॅगस्टाफ नवे अवयव नोंदवत आणि ‘हव्या असलेल्या’ संख्यांची यादी प्रसिद्ध करत. हव्या असलेल्या, म्हणजे जुन्या आणि अजून न सुटलेल्या. ती यादी वाचून जगातल्या कुठल्या तरी खोलीत कुणीतरी आपला संगणक रात्रभर चालू ठेवतो आणि सकाळी उत्तर पाठवतो. शतकभर चाललेला हा उपक्रम गणनेच्या इतिहासातला सर्वांत दीर्घ उपक्रमांपैकी एक आहे आणि त्याचं नाव अजूनही रुडकीत गणित शिकवणाऱ्या माणसाच्या नावावरूनच घेतलं जातं.

कनिंगहॅमच्या वहीत ठरावीक साच्यातल्या संख्या असतात. कुठल्याही संख्येसाठी असलेली, सगळ्यांना उघडी वही आली ती इंटरनेटवर. फॅक्टरडीबी या नावाचा अवयवांचा कोश. कुणीही त्यात संख्या टाकावी. ती आधी कुणी टाकली असेल तर तिच्याबद्दल जे कळलं आहे ते समोर येतं. नसेल तर यंत्र लहान अवयव शोधून बघतं आणि संख्येची नोंद करून ठेवतं. प्रत्येक संख्येपुढे तिची अवस्था लिहिलेली असते. सिद्ध झालेली मूळ संख्या, बहुधा मूळ पण अजून सिद्ध न झालेली, संयुक्त आहे एवढंच माहीत पण एकही अवयव हाती नसलेली, थोडे अवयव सापडलेली, पूर्ण फुटलेली. ‘बहुधा’ आणि ‘सिद्ध’ यांतला फरक असा काटेकोर पाळणं हीच या वहीची अब्रू आहे. संख्या मूळ असल्याचं सिद्ध करायची वेगवान रीत असू शकते, हे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तत्त्वतः दाखवून दिलं. प्रत्यक्षात मोठ्या संख्यांसाठी वक्रांवर आधारलेली दुसरी रीत वापरतात; तिच्यातून एक प्रमाणपत्र निघतं, ते वहीला जोडता येतं आणि कुणालाही पुन्हा तपासता येतं.

अशी वही सांभाळणं हे कष्टाचं काम आहे. कुणी पाठवलेला अवयव यंत्र भागाकार करून लगेच पारखतं, त्यामुळे खोटा अवयव आत शिरू शकत नाही. त्रास येतो तो दुसऱ्या बाजूंनी. लोक निरर्थक संख्यांचे ढीग ओततात. साठा फुगतो. एकाच माणसाचा प्रोग्रॅम हजारो प्रश्न विचारत राहिला तर बाकीच्यांना वाट मिळत नाही, म्हणून ठरावीक वेळात किती विचारायचं यावर मर्यादा घालावी लागते. तबकड्या जुन्या होतात, यंत्रं बदलावी लागतात आणि वीज आणि जागा यांचा खर्च थांबत नाही. कुलिकचा दुसरा खंड हरवला तसा हा साठा हरवू नये, याची काळजी कुणालातरी रोज करावी लागते. बाहेरून ते दिसत नाही. पान उघडतं, उत्तर मिळतं, माणूस पुढे जातो.

या वहीचा मला सर्वांत आवडलेला उपयोग एका साध्या खेळातून आला आहे. एक संख्या घ्या, तिचे स्वतःखेरीज सगळे विभाजक मिळवा, जी बेरीज येईल तिच्यावर पुन्हा तेच करा. २७६ वरून ३९६ येतात, ३९६ वरून ६९६, त्यावरून ११०४. बऱ्याच संख्या अशा चालत चालत एकावर येऊन थांबतात किंवा चक्रात पडतात. २७६ कुठे थांबते ते आजवर कुणाला कळलेलं नाही. दोन हजारांहून जास्त पायऱ्या झाल्या आहेत आणि संख्या दोनशे आकड्यांच्या पलीकडे गेली आहे. प्रत्येक पायरीला पूर्ण अवयव लागतात, एकही राहून चालत नाही. एकाने मागच्या शंभर पायऱ्या केल्या, दुसऱ्याने पुढची एक केली, तिसऱ्याने आणखी दहा. सगळ्या पायऱ्या एका ठिकाणी लिहिलेल्या असल्यामुळेच हे शक्य होतं.

रामेशम यांच्या मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, सेंट्रल स्टेशनावरून उत्तरेकडे जाणारी उपनगरी गाडी गुम्मिडिपूंडीला पोहोचते. औद्योगिक वसाहत, कारखाने, पाळ्यांवर येणारे-जाणारे कामगार आणि थोडं पुढे आंध्रची हद्द. तिथल्या एखाद्या घरातला साधा संगणक रामेशम यांची बावीस आकडी संख्या डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडतो. त्यामुळे रामेशम यांचं काम लहान होत नाही. ४८५४४१२१ हा अवयव वहीत आहे तो त्यांच्या १९१२ च्या टिपणापासून आणि तेव्हापासून तो कुणाला पुन्हा शोधावा लागलेला नाही.

आपल्याकडच्या कॉलेजांतले गणित विभाग या कामात फारसे दिसत नाहीत. याला मोठा खर्च लागत नाही. प्रयोगशाळेतले संगणक सुट्टीत बंद असतात, अवयव पाडणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि विद्यार्थ्याला आपल्या हाताने केलेलं काम जगाच्या वहीत कायमचं लिहिलेलं पाहता येतं. आणि त्याच वेळी कापरेकरांच्या पुस्तिका, सोसायटीच्या जुन्या अंकांतले मराठी माणसांचे लेख यांची नीट यादी करून ती सर्वांना खुली करणं हेही आपलंच काम आहे. दुसऱ्या कुणाला ते करण्याचं कारण नाही.

कुठे हात घालायचा असं कुणी विचारलं तर एक जागा सांगतो. फर्माच्या अकराव्या संख्येचे पहिले दोन अवयव, ३१९४८९ आणि ९७४८४९, कनिंगहॅमने १८९९ साली शोधले. ती संख्या पूर्ण फोडली रिचर्ड ब्रेंट यांनी १९८८ मध्ये, एकोणनव्वद वर्षांनी. बारावी अजून बाकी आहे. दोनाचा ४०९६ वा घात अधिक एक, १२३४ आकडे. तिचा पहिला अवयव १८७७ चा, नंतरचे दोन १९०३ मधले, मग १९७४, १९८६ आणि २०१० सालचा एकेक. हे सहा काढल्यावर ११३३ आकडी संख्या उरते. ती मूळ नाही हे सिद्ध झालं आहे. तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही.